हरलेल्याचा चहा

सुध्या, तुला ऐकून बरं वाटेल, इथे जर्मनीत मेल्यावरसुद्धा टेर्मिन, म्हणजे ठरवून दिलेली वेळ, घ्यावा लागतो. तू बुधवारी सकाळी गेलास आणि दहनाची वेळ मिळाली ती पुढच्या मंगळवारची. मधले सगळे दिवस मी आणि शुभदावहिनी या ऑफिसातून त्या ऑफिसात. तुझ्या मोबाइलचा करार बंद करायला फोन केला, तर पलीकडची बाई म्हणाली, ग्राहकाने स्वतः सही करून कळवायला हवं. म्हटलं, बाई, ग्राहक वारला. ती म्हणाली, हो, वाईट झालं, पण सही? तू असतास तर खुर्ची ओढून बसला असतास आणि तिच्याच नियमातलं पोटकलम काढून तिला ऐकवलं असतंस. मी मुकाट्याने फोन ठेवला. एवढं भांडायचं बळ आता माझ्यात नाही.

दमलोय रे. रडून नाही दमलो, रडायला मंगळवारपर्यंत सवडच झाली नाही. लोक येतात, खिचडीचे डबे ठेवून जातात, ‘किती शांत गेले’ म्हणतात. तू आणि शांत! कप्पाळ माझं. सांगलीला कॉलेजात होतो तेव्हापासून तुझं ऐकतोय. तीस वर्षं होत आली असतील. शांत म्हणून तू फक्त एका जागी बसायचास, आणि त्याच जागेबद्दल हे लिहायला बसलोय. तुझ्या रिकाम्या खुर्चीचं काय करायचं, यावर परवा सभा झाली. काय झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

आपला शेवटचा वाद बाटल्यांच्या मशीनपुढे अर्धा राहिला. दर शनिवारी रिकाम्या बाटल्या दुकानातल्या मशीनमध्ये टाकून अनामत परत घ्यायला जायचं आणि वाटेत अमेरिकेवरून भांडायचं, हा आपला रिवाज. बायका म्हणायच्या, यांना गल्लीतलं राजकारण पुरत नाही म्हणून समुद्रापलीकडचं लागतं. पण कायझर्सलाउटर्नसारख्या अमेरिकन लष्करी तळाच्या गावात राहायचं आणि अमेरिकेचा विषय टाळायचा, हे जमणारं नव्हतंच. बेकरीत पुढे उभा राहिलेला अमेरिकन सैनिक, पार्किंगमध्ये दोन जागा अडवणारी त्यांची गाडी, आणि तुझ्या तर दारासमोरच तो सार्जंट. त्या शनिवारी तू बाटली मशीनमध्ये घालत म्हणालास, “यंदा कोणीही निवडून येऊ दे विन्या, प्रश्न तो नाहीच. प्रश्न हा आहे की त्याला ‘नाही’ कोण म्हणणार.” मी म्हटलं, “लोक म्हणतील. चार वर्षांनी.” तू म्हणालास, “आणि तोवर?” मागे रांगेतली म्हातारी खाकरली. “पुढच्या शनिवारी बोलू,” म्हणालास. आता निवडणूक तोंडावर आलीय आणि कोण जिंकलं हेसुद्धा तुला कळायचं नाही.

हे वेड तुला लागलं ते त्या सार्जंटमुळे, 2000 साली. त्याचं घर फ्लोरिडात, मत त्याने इथून पोस्टाने पाठवलेलं. तिकडे मोजणीचा घोळ सुरू झाला, तेव्हा परदेशातल्या सैनिकांची पाकिटं धरायची की नाही यावरही वकील भांडायला लागले. तो बिचारा रोज कुंपणाशी येऊन तुला विचारायचा, माझं मत मोजलं असेल का रे? जणू तूच तिकडे मोजायला बसला होतास. मग त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने मोजणीच थांबवली. पाच विरुद्ध चार. देशभरात ज्याला कमी मतं पडली तो अध्यक्ष झाला. मी त्या शनिवारी तुला धू धू धुतलं. “काय रे, तुझे ते पवित्र न्यायाधीश! त्यांना कोणी निवडून दिलं? मरेपर्यंत खुर्ची, आणि कोट्यवधी लोकांच्या मतांवर पाच माणसांचं मत!” तू एकेक करून बाटल्या घालत राहिलास. नंतर गाडीत म्हणालास, “चूक असेल. पण दुसऱ्या दिवशी हरणारा घरी गेला, रस्त्यावर रणगाडे आले नाहीत. हे कशामुळे झालं तेही बघ.” मला ते तेव्हा पळवाटेसारखं वाटलं. अजूनही थोडं वाटतं.

त्याच्या आधीच तू आपल्या मंडळाला अमेरिकन सदरा शिवून ठेवला होतास म्हणा. मराठी मंडळाची नोंदणी करायची तर कोर्टात घटना दाखल करावी लागते. या देशात दोन माणसं जमली की फेराइन काढतात, म्हणजे नोंदलेली संस्था. माझ्या कंपनीतला एक जण ससे पाळणाऱ्यांच्या फेराइनचा सेक्रेटरी. त्याची छापील घटना मी घेऊन आलो आणि म्हटलं, सशाच्या जागी मराठी माणूस घालू, झालं काम. तू इतका भडकलास! “आपण काय ससे आहोत?” म्हणालास, आणि सहा आठवडे बसून नवी लिहिलीस. एकीकडे सगळ्या सभासदांची सभा. दुसरीकडे अध्यक्ष आणि त्याची समिती. सभेचा ठराव अध्यक्षाला पटला नाही तर तो अडवू शकतो, आणि सभेने दोन-तृतीयांश मतांनी तो पुन्हा केला तर अध्यक्षाने गप्प बसायचं. आणि तिसरीकडे पंच. तीन जण. अध्यक्षाने नाव सुचवायचं, सभेने पसंत करायचं, आणि एकदा बसले की आजन्म. ठराव घटनेत बसतो की नाही, एवढंच त्यांनी सांगायचं. अध्यक्ष मला केलंत, आणि तीन पंचांतला एक तू.

आपण सगळे यंत्रांची माणसं. प्रेशर वाढलं तर वाफ सोडायची सोय कुठे, हे आधी बघणारी. त्यामुळे तुझा नकाशा आम्हाला पटला, मलासुद्धा. नोंदणी कार्यालयातल्या त्या चष्मेवाल्या बाईंनी फक्त एका ओळीवर बोट ठेवलं होतं. “आजन्म? नक्की?” तू मोठ्या ऐटीत “या, गेनाऊ” म्हणालास, म्हणजे हो, अगदी नक्की. अरे, आपण पस्तिशीतले होतो तेव्हा. आजन्म म्हणजे कायम, एवढंच डोक्यात. त्या शब्दाला दुसरं टोक असतं हे एकाही इंजिनियरला सुचलं नाही.

आणि एक गोष्ट घटनेत नव्हती, ती तू नंतर आपणहून सुरू केलीस. निकाल दिला की जो हरला त्याच्यासाठी पंचाने स्वतः चहा करायचा. मंडळाची ती मोठी स्टीलची किटली, हॉलच्या मागची एवढीशी खोली, आणि तू बाह्या सरसावून आलं ठेचतोयस. मी विचारलं होतं, हे काय नवीन? “अरे, हरलेला माणूस परत यायला हवा ना,” म्हणालास. “तो नाही आला तर आपण जिंकून काय करायचंय?”

पहिला चहा मलाच पाजलास, लेका. साजिदच्या वेळी, हरलेल्या सभेचा अध्यक्ष म्हणून.

साजिद चिपळूणचा. गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत नोकरी, मराठी आपल्यापेक्षा गोड. त्याने सभासदत्वाचा अर्ज दिला तो नेमका न्यूयॉर्कचे मनोरे पडले त्यानंतरच्या हिवाळ्यात. आपल्या गावाच्या अंगणातच अमेरिकन तळ. आपल्यातलीच माणसं रस्त्यात मोठ्याने बोलायला बिचकत होती. सभेत कोणी वाईट बोललं नाही, तेच तर वाईट होतं. “आत्ता नको, वातावरण निवळू दे.” “गणपतीत त्यालाच अवघडल्यासारखं होईल.” ठराव झाला, अर्ज तूर्त बाजूला ठेवावा. मी विरोधात मत दिलं आणि आपटलो. बहुमत प्रचंड होतं. अध्यक्ष म्हणून ठराव अडवून बघितला, तर त्यांनी दोन-तृतीयांश मतांनी पुन्हा माझ्या डोक्यावर आणून ठेवला. मग साजिद पंचांकडे गेला आणि तुम्ही तिघांनी तो ठराव एका दुपारी रद्द केलात. घटनेत लिहिलंय, मराठी बोलणारा कोणीही. त्यात तूर्त वगैरे काही नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. पण माझं डोकं फिरलं. “अरे, मीही साजिदच्याच बाजूचा,” मी त्या चहाच्या खोलीत तुझ्यावर ओरडलो होतो, “पण मी हरलो ना! सभेने ठरवलं ना! मग तुम्ही तिघं कोण? उद्या चांगल्या ठरावावर असेच बसाल तेव्हा?” तू कप पुढे केलास. “तू हरलास म्हणून तो का हरावा?” म्हणालास. मी धुसफुसत कप घेतला. चहा मात्र फक्कड झाला होता. आणि ज्यांनी विरोधात हात वर केले होते तेच पुढच्या गणपतीत साजिदच्या बायकोच्या नारळाच्या वड्यांसाठी रांगेत उभे होते. हेही मी विसरलेलो नाही.

मग इराकचं युद्ध आलं. समोरचा सार्जंट निघाला. आदल्या संध्याकाळी त्याने किल्ली तुझ्याकडे दिली, झाडांना पाणी घालायला. तू परत आलास तो संतापून. युद्ध पुकारायचं की नाही हे तिकडे दोन सभागृहांनी ठरवायचं असतं, हे तू मला हजारदा सांगितलेलं. “आणि त्यांनी काय केलं? तूच ठरव बाबा, असं अध्यक्षाला लिहून दिलं आणि हात झटकले! अडवण्यासाठी ज्यांना बसवलं त्यांनीच दार उघडून दिलं, विन्या. यांना निवडणुकीची भीती वाटली.” मी म्हटलं, “म्हणजे लोकांना घाबरणारी सभा वाईट, आणि लोकांना न घाबरणारं कोर्टही वाईट. मग चांगलं काय?” तू ती किल्ली बोटांत फिरवत राहिलास. मग म्हणालास, “कुणी एकटं चांगलं नाही. तिघं एकमेकांच्या पायात पाय घालतात, तेवढ्या वेळात माणसाला जरा श्वास घेता येतो. बस, एवढंच आहे ते.” झाडं तू वर्षभर जगवलीस. सार्जंट परत आला तो अबोल होऊन आला, आणि मग त्याची बदली झाली.

आता केतकीचं. हे टाळत होतो.

तुझी लेक अठराची झाली आणि तिने सभासदत्वाचा अर्ज केला. बारा वर्षांची असल्यापासून मखर तीच सजवायची, लहान पोरांची नाटकं तीच बसवायची, पण सभेत मत नाही. का? तर मराठी तिला सगळं समजतं, पण उत्तर येतं जर्मनमध्ये. इथे वाढलेली आपली सगळीच पोरं तशी. माझा मुलगा वेगळा आहे का? मी सभेत ठराव आणला, इथे वाढलेल्या मुलांना सभासद करून घ्यावं. चांगलं दणदणीत बहुमत मिळालं. मी खूश. आणि मग तो म्हातारा नेने, त्याला नियमांचं तुझ्यासारखंच वेड, तो पंचांकडे गेला. घटनेत ‘मराठी बोलणारा’ म्हटलंय. हे बदलायचं तर घटनादुरुस्ती, आणि त्याला दोन-तृतीयांश. बहुमत होतं, दोन-तृतीयांश नव्हतं.

सुनावणी रविवारी दुपारी झाली. मी मागे बसलो होतो. केतकी उभी राहिली आणि जर्मनमध्ये बोलायला लागली. नेने म्हणाले, कामकाज मराठीत हवं. तू म्हणालास, “तिला जसं येतं तसं बोलू दे.” सुनावणीत पंचाने मध्ये बोलायचं नाही, म्हणून त्यानंतर तू तोंड उघडलं नाहीस. अख्खी दुपार. ती काय काय बोलली! शाळेत भारतीण म्हणून वेगळी, इथे मराठी येत नाही म्हणून वेगळी. मखराला गोंद लावायला चालते, हात वर करायला चालत नाही. बाकीचे दोन पंच, एक या बाजूला, एक त्या बाजूला. राहिलास तू. तुझी स्वतःची मुलगी आहे, तू बाजूला हो, असं मी म्हटलं होतं. तेव्हा नेनेच म्हणाले, नको, सुधीरवर आमचा विश्वास आहे. आणि तू निकाल दिलास. ठराव घटनेत बसत नाही.

बोंबला! तुझ्या घरात त्या आठवड्यात काय झालं ते वहिनींनी मला सांगितलंय, तू कधी सांगितलं नाहीस. पण मला आठवतो तो चहाचा कप. तू चहा करून तिच्यासमोर घेऊन आलास. तिने तुझ्याकडे बघितलं, कोट घातला आणि निघून गेली. कप हातात धरून तू तिथेच उभा राहिलास. मी म्हटलं, “साजिदच्या वेळी याच नियमाने दार उघडलंस आणि पोरीच्या वेळी याच नियमाने लावलंस. ही तुझी लोकशाही?” तू म्हणालास, “तिच्यासाठी मोडला असता, तर साजिदसाठी कसा टिकला असता?” खरं सांगू? त्या क्षणी तुझ्या एक ठेवून द्यावी असं वाटलं. आणि त्याच क्षणी, मी पंचांपुढे कधी गेलो तर समोर तूच बसलेला असावास, असंही वाटलं. दोन्ही एकदम. काय करू त्याला?

केतकी शिकायला हॅनोव्हरला गेली. दिवाळीला यायची, दोन दिवस राहायची. इतकी दूर का, असं कोणी विचारलं की तू म्हणायचास, तिकडचं विद्यापीठ चांगलं आहे.

मग कधीतरी एका शनिवारी, बाटल्या घालता घालता, माझ्याकडे न बघता तू म्हणालास, “विन्या, दोन-तृतीयांश मिळव रे. एवढं कर.” मला आधी कळेचना. “पंच म्हणून मी मागू शकत नाही,” म्हणालास, “पण तू अध्यक्ष आहेस. तू आण पुन्हा ठराव.” मी दोनदा आणला. एकदा नेमका फुटबॉलचा मोठा सामना, निम्मी माणसं टीव्हीपुढे. एकदा उन्हाळ्याच्या सुट्ट्या, अर्धं मंडळ पुण्यात. दोन्ही वेळेला थोडक्यात हुकलं. तू फक्त प्रत्येक वेळी सभेनंतर मला चहा करून दिलास.

यंदाच्या उन्हाळ्यात तू वर्तमानपत्र नाचवत माझ्याकडे आला होतास. अमेरिकेने बेटावरच्या तुरुंगात दहशतवादाच्या संशयावरून वर्षानुवर्षं डांबलेल्या कैद्यांना कोर्टात जाता येऊ नये, असा कायदा सभागृहांनी केला होता, अध्यक्षाला तो हवाच होता. आणि कोर्टाने सांगितलं, नाही, त्यांचं म्हणणं ऐकावं लागेल. “पाच विरुद्ध चार!” तू ओरडलास. “मोजणी थांबवली तेव्हाही पाच-चार, आणि दार उघडलं तेव्हाही पाच-चार! काय म्हणायचं याला?” मी म्हटलं, “जुगार म्हणायचं.” तू हसलास. मग खुर्चीत बसलास आणि म्हणालास, “सुटतील की नाही माहीत नाही रे. पण कोणीतरी त्यांचं शेवटपर्यंत ऐकेल.” त्या दिवशी तू कैद्यांबद्दल बोलत नव्हतास, हे मला आत्ता लिहिताना कळतंय.

तर असा तू गेलास आणि पंचांची एक खुर्ची रिकामी झाली. तुझं दहनसुद्धा अजून व्हायचं होतं, आणि मिलिंद माझ्याकडे आला. मिलिंद आपल्यातला नवा, पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. मनाने चांगला मुलगा, फक्त घाई फार. म्हणाला, “काका, राग मानू नका. पण ही पंचांची भानगड आता काढूनच टाकू या. आपण काय अमेरिका आहोत? चाळीस घरांचं मंडळ. सभा ठरवेल, समिती करेल, विषय संपला. मग मुलांचा ठरावही साध्या बहुमताने होऊन जाईल. तुम्हाला तर हेच हवं होतं ना?”

हेच हवं होतं. सुध्या, खरंच हेच हवं होतं. शंभर शनिवार तुला हेच सांगितलं. म्हटलं, आण ठराव.

मंगळवारी तुला निरोप देऊन आलो. वहिनी नातेवाइकांबरोबर घरी गेल्या आणि केतकी माझ्याबरोबर बेकरीत येऊन बसली. ती जर्मनमध्ये आणि मी मराठीत, आमचं नेहमीचं.

“विनूकाका, ते पंच काढून टाकणार आहेत म्हणे.”

“हो. मग तुझं काम सोपं होईल.”

“नका काढू.”

मी कप खाली ठेवला. म्हटलं, “अगं, तुझ्या विरोधात निकाल दिला त्यांनी. तुझ्या बापाने.”

“दिला ना. अजून राग आहे मला.” ती पावाचे तुकडे करत होती, खात नव्हती. “पण आल्झो, म्हणजे बघा ना काका, घरी मी एक वाक्य सुरू केलं की बाबा ते पूर्ण करायचे. कायम. माझ्या मनात काय आहे ते त्यांना माझ्याआधी माहीत असायचं. त्या खुर्चीत बसले तेव्हा त्यांना बोलायची परवानगी नव्हती. आयुष्यात एकदाच त्यांनी माझं शेवटपर्यंत ऐकलं. ती खुर्ची होती म्हणून.”

मग मी तिला ते सांगितलं. दोन-तृतीयांशचं. तू मागितलेलं. दोनदा हुकलेलं. तिने पावाचे तुकडे बाजूला सारले.

“हे मला का नाही सांगितलं त्यांनी?”

“पंचाने बोलायचं नसतं म्हणे,” मी म्हटलं.

“इडियट,” ती म्हणाली आणि रडायला लागली. मग मीही रडलो, भर बेकरीत. सवड मिळाली म्हण शेवटी.

परवा सभा झाली. हॉल भरलेला. तू जिवंत असताना इतकी माणसं आली असती तर काम तेव्हाच झालं नसतं का? केतकी मागे पाहुण्यांच्या खुर्चीत. मिलिंद नीट बोलला, तुझ्याबद्दल आदराने बोलला. पंच काढून टाकणं म्हणजे घटनादुरुस्ती, म्हणजे दोन-तृतीयांश. हात वर झाले. नेनेंनी मोजले, पुन्हा मोजले. एक हात कमी पडत होता. अध्यक्षाने सगळ्यात शेवटी मत द्यायचं, हेही तुझंच कलम. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मिलिंद तर हसतच होता, काका आपलेच.

मी हात वर केला नाही.

तुझं पटलं म्हणून नाही, सांगून ठेवतो. मरेपर्यंत खुर्ची हे अजूनही मला मान्य नाही, आणि कुणी मेल्यावर तर मुळीच नाही. पण बहुमत माझ्या बाजूला असताना, हात नुसता उचलायचा बाकी असताना, मला ती अख्खी दुपार आठवली. मी हरेन, तू हरशील, मिलिंद हरेल. हरलेल्याचं बोलणं मध्ये न बोलता ऐकून घेणारं कोणीतरी असू दे की या गावात. ठराव पडला. मिलिंदचा चेहरा बघवत नव्हता.

मग रिकाम्या जागेसाठी मी साजिदचं नाव सुचवलं. सभेने पसंत केलं. मिलिंदनेही हात वर केला, आणि मला तो मुलगा फार आवडला. साजिद उभा राहिला, काहीतरी बोलणार होता, पण बोललाच नाही. सुरुवात चांगली आहे म्हण.

नंतर मी मागच्या खोलीत गेलो. किटली होती तिथेच होती. चहा केला, जसा आला तसा. मिलिंदच्या हातात कप दिला. “हे काय काका?” “हरलास ना,” म्हटलं, “पी मुकाट्याने.” तेवढ्यात दारात केतकी. तिने आत येऊन कपाट उघडलं, एक कप काढला आणि माझ्यापुढे धरला.

“माझा राहिलाय,” ती म्हणाली. “तेव्हाचा.”

मी ओतला. तिने उभ्या उभ्याच पूर्ण प्यायला. मग विचारलं, पंचांपुढे जायचा अर्ज कुणाकडे द्यायचा. मी हॉलमधल्या साजिदकडे बोट दाखवलं.

मुलांच्या ठरावाचं मी बघतो, दोन-तृतीयांशही मिळवीन कधीतरी. पण तिला तोवर थांबायचं नाहीये. तिला पुन्हा बोलायचंय. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. ती तिला येतं तसं बोलेल आणि साजिद ऐकेल. नियम तुझाच आहे, त्यामुळे बहुतेक ती पुन्हा हरेल, आणि चहा मलाच करावा लागेल. परवाचा अगदीच पाणचट झाला होता रे, ती काही बोलली नाही एवढंच. आलं किती घालायचास, तेवढं तरी सांगून जायचंस.